उलट्या आट्याचा व्हॉल्व्ह

प्रयागबाई सकाळी उठली की आधी फोन बघायची आणि मग नवऱ्याकडे. फोनवर आकडा असायचा. आकडा बरा असला की चहात साखर बेताची पडायची, घसरला असला की काळजीच्या भरात एक चमचा जास्त. त्या मंगळवारी चहा नुसता पाक झाला होता.

"किती?" बशी खाली ठेवत लिंबराजने विचारलं.

"एकसष्ट. मागल्या आठवड्यात त्रेसष्ट होता, त्याच्या आधी सहासष्ट."

"मला तर बरं वाटायलंय गं. झोप लागायली, भूक लागायली. परवा तुझ्या भावाच्या गप्पांना हसलो का नाही?"

"हसलाव. पण आकडा उतरायलाय, त्याचं काय?"

आता यावर माणसाने काय बोलावं? आपलं बरं वाटणं एका बाजूला आणि यंत्राचा आकडा दुसऱ्या बाजूला, आणि घरातलं माणूस विश्वास ठेवणार आकड्यावर. लिंबराज गप बसला. तो गप बसला हेही प्रयागबाईने टिपून ठेवलं. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, गप बसायला लागले की लक्ष ठेवा म्हणून.

लिंबराज सोनटक्के हा कासारटाकळी नगरपरिषदेचा चावीवाला. मोठ्या शहरातल्या लोकांना वाटतं पाणी नळातून येतं. कासारटाकळीसारख्या गावात लहान पोरालाही ठाऊक असतं, की पाणी चावीवाल्याकडून येतं. साडेचार फुटी लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो गल्लोगल्ली फिरतो, चेंबरचं झाकण उचलतो, चावी व्हॉल्व्हवर बसवतो आणि मोजून आटे फिरवतो. कसब्याला चौदा आटे, पेठेला अठरा, पांढऱ्या टेकडीला तेवीस. एक आटा इकडचा तिकडे झाला की एका गल्लीत पूर आणि दुसरीत भांडणं. गावात असे एकशे बेचाळीस व्हॉल्व्ह होते आणि त्यांचा कागद म्हणाल तर एकही नव्हता. सगळं लिंबराजच्या आणि त्याचा जोडीदार हणमंत साखरे याच्या डोक्यात. त्याआधी लिंबराजच्या बापाच्या डोक्यात. मोजायची रीतही बापाचीच. धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात, तसं हा माणूस पहिल्या आट्याला 'लाभ' म्हणायचा. लाभ, दोन, तीन, चार. पोराने तेच उचललं.

आणि मग मागच्या दिवाळीत, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, लिंबराज अंथरुणावरून उठेनासा झाला. काही घडलं होतं म्हणावं तर तसंही नाही. लोकांनी कारणं शोधली, देवाधर्माचं झालं, शेवटी उपजिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचाराच्या डॉक्टर तरन्नुम शेख यांनी आजाराला त्याचं नाव दिलं. नैराश्य. गोळ्या सुरू झाल्या, बोलणं सुरू झालं, आणि ऑगस्ट उजाडेपर्यंत माणूस उठून बसला, दाढी करू लागला, बाजाराला जाऊ लागला.

चावी मात्र नगरपरिषदेच्या स्टोअरमध्ये कुलपात होती. आकडा सत्तर झाला तरच ती परत मिळणार होती, आणि तेही सप्टेंबरअखेरपर्यंत. नाही झाला तर वैद्यकीय मंडळ त्याला कामासाठी अपात्र ठरवणार होतं. चावी गेली तर लिंबराज म्हणजे कोण, हे त्याला स्वतःलाच सांगता आलं नसतं.

*

"ताप उतरला तरी पायातली कमजोरी राहते ना, मामा?" पुढच्या मंगळवारी दवाखान्यात डॉ. तरन्नुम पट्टी त्याच्या कपाळाला बांधत म्हणाल्या. "तसंच आहे हे. उदासी आधी उतरते. लक्ष लागणं, पटकन आठवणं, चार गोष्टी एकाच वेळी डोक्यात धरणं हे सगळं मागून येतं. कुणाचं महिन्यात येतं, कुणाचं वर्षात. कपाळामागचा भाग आणि आठवण साठवणारा आतला भाग, या दोघांचं बोलणं आजारात विस्कळीत होतं. ते परत जुळायला वेळ लागतो."

पूर्वी याची चाचणी म्हणजे आकडे उलटे म्हणा, ठिपके जोडा, दहा शब्द ऐका आणि परत सांगा. माणूस दवाखान्यात पास व्हायचा आणि कामावर नापास. मग ही पट्टी आली. ती माणसाला त्याच्याच कामातले प्रश्न विचारायची. ड्रायव्हरला रस्ते, शिक्षकाला धडे, लिंबराजला व्हॉल्व्ह. समोरच्या पडद्यावर प्रश्न यायचा, आणि माणूस खरंच आठवून बोलतोय की ठोकून देतोय हे पट्टीला मेंदूच्या लहरींवरून पापणी लवायच्या आत कळायचं. एवढ्यावर ती थांबत नव्हती. उत्तर चुकलं की पडद्यावर बरोबर उत्तर दिसायचं आणि त्याच क्षणी अगदी सौम्य वीज कपाळातून जायची. मुंगी चालल्यासारखं वाटायचं, बस. त्या क्षणी दिसलेलं उत्तर मेंदू पक्कं धरून ठेवायचा. चुकलं की रट्टा नाही, थोपटणं. मे महिन्यात लिंबराजचा आकडा एक्केचाळीस होता, जुलैमध्ये सहासष्ट झाला. प्रयागबाईने तेव्हा शेजारी पेढे वाटले होते.

"व्हॉल्व्ह सदतीस," पडद्याने विचारलं. "पांढरी टेकडी. उघडण्याची दिशा?"

"उजवीकडं," लिंबराज म्हणाला. मग थांबला. "नाही... डावीकडं का?"

पडदा लाल झाला. डावी. कपाळावर मुंगी चालली.

डॉक्टरांनी आलेख पुढे-मागे करून पाहिला. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हे तुम्ही जूनमध्ये बरोबर सांगत होतात. आता चुकायला लागलात. हे एकच नाही, अशी पाच-सहा आहेत. आणि पूर्वी ठाम बोलायचात, आता घुटमळताय."

"मला बरं वाटायलंय, मॅडम."

"मला ऐकून आनंद आहे. पण बरं वाटत असताना आकडा उतरला तर ती कधीकधी आजार परतण्याची आधीची खूण असते. अजून एक आठवडा बघू. नाही चढला तर गोळी वाढवू."

बाहेर येताना दवाखान्याच्या पायऱ्यांवर तो जरा टेकला. आज एकोणसाठ. साठच्या खाली.

*

गुरुवारच्या बाजारात त्याला गयाबाई भेटली. पांढऱ्या टेकडीवर राहणारी, पापड-कुरडया विकणारी, आणि तोंडाला कुलूप नसलेली.

"लिंबराजभाऊ, अवो बरे झालाव म्हणं! मग कामावर कामून येईनात? तुम्ही झोपलाव आन् आमची टेकडी वाळून गेली की!"

"धरण तर भरलंय."

"धरण भरून काय उपेग? आमची पाळी मंगळवार-शुक्रवार सकाळी सात ते नऊ. त्या दोन तासांत नळाला थेंब नाही. उन्हाळ्यात म्हणलं, सगळीकडंच टंचाई हाय. आता पावसाळा हाय की. आन् गंमत ऐका, दुपारी खालच्या कसब्याची पाळी असली की आमच्या नळाला करंगळीएवढी धार येती. हंडा भरायला तासभर. इंजिनियर म्हणतोय पाइप फुटलाय, रस्ता खोदायचाय."

लिंबराज हातातली मेथीची जुडी विसरला. आपल्या पाळीला पाणी नाही आणि दुसऱ्याच्या पाळीला धार? पाइप फुटला असता तर दोन्ही वेळेला बोंब असती. याचा अर्थ उघडायच्या वेळी व्हॉल्व्ह बंद होतोय आणि बंद करायच्या वेळी उघडतोय. म्हणजे कुणीतरी तो उलटा फिरवतंय. किंवा सरळ फिरवतंय, आणि व्हॉल्व्हच उलटा आहे.

सदतीस नंबर. बापाने बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या भंगारातून तो आणून बसवला होता. गावातले सगळे व्हॉल्व्ह डावीकडे उघडतात, हा उजवीकडे. असे आणखी चार होते. उलट्या आट्याचे.

हे सगळं डोक्यात सरळ ओळीने आलं, एकामागून एक, कुठे अडकलं नाही. केवढ्या दिवसांनी! लिंबराजला भर बाजारात आनंदाने ओरडावंसं वाटलं. मेथी गयाबाईच्या टोपलीत टाकून तो तडक नगरपरिषदेकडे निघाला.

"अवो भाजी!" गयाबाई मागून ओरडली.

*

पाणीपुरवठ्याचा इंजिनियर कुलदीप वाघमोडे जूनमध्ये बदलून आला होता. वय तीस, माणूस वाईट नाही, पण कामाने पिचलेला. हणमंत साखरे मार्चअखेरीस हृदयविकाराने गेला, लिंबराज आजारी, तेव्हापासून व्हॉल्व्ह ठेकेदाराची माणसं चालवत होती. हातातल्या टॅबवर दिसेल तेवढं करायची. व्हॉल्व्ह इतका, दिशा ही, आटे इतके. त्या माणसांना काही विचारायची सोय नव्हती, कारण त्यांना टॅबपलीकडचं काही माहीत नव्हतं.

"साहेब, सदतीस नंबर उलट्या आट्याचा हाय," लिंबराज धापा टाकत म्हणाला. "तुमची माणसं उघडायला जातात आन् बंद करतात. रस्ता खोदू नका."

वाघमोडेने त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग टॅब उघडला. आधी व्हॉल्व्हचं पान नाही उघडलं, लिंबराजचं उघडलं. कर्मचाऱ्याचा आकडा ऑफिसलाही जात होता ना!

"एकोणसाठ," तो हळूच म्हणाला. "सोनटक्के, राग मानू नका. मी एवढ्या आकड्यावर तुमचं ऐकून व्हॉल्व्ह फिरवला आणि काही फुटलं, तर मला विचारतील. आधी सत्तर होऊ द्या."

"अहो पण तो व्हॉल्व्ह माझ्या बापानं बसवलाय!"

"बरं, हे बघा मग." वाघमोडेने टॅब त्याच्याकडे वळवला. व्हॉल्व्ह सदतीस. उघडण्याची दिशा डावी. आटे तेवीस. तारीख अकरा एप्रिल. माहिती देणार लिंबराज सोनटक्के. आणि खाली त्याचा अंगठा.

लिंबराज त्या अंगठ्याकडे बघत राहिला. अंगठा त्याचाच होता. अकरा एप्रिल त्याला आठवतच नव्हतं. आख्खा एप्रिल आठवत नव्हता.

"तुम्हीच सांगितलंय, मामा," वाघमोडे म्हणाला, आणि ते त्याने इतक्या सौम्यपणे म्हटलं की लिंबराजला ते जास्त लागलं. "शनिवारी खोदकामाची मशीन येणार आहे. तुम्ही घरी जाऊन आराम करा."

घरी जाताना तो स्वतःशी घोकत होता. डावी. उजवी. डावी. गंमत अशी की आता दोन्ही सारखंच खरं वाटत होतं. उजवी म्हटलं की बाप दिसायचा, डावी म्हटलं की पडदा दिसायचा आणि कपाळावर मुंगी चालायची. त्याला भीती वाटली. बाजारात ज्या विचारावर आपण एवढे खूश झालो तो विचारच आजाराचा असला तर?

*

"मी परत तिकडंच जायलोय वाटतं, प्रयाग," तो दारातच म्हणाला. "डोकं मला खोटं सांगायलंय. आन् मला ते खरं वाटायलंय."

प्रयागबाई कणीक मळत होती. तिने हात तसेच ठेवले. त्याने सगळं सांगितलं. गयाबाई, सदतीस नंबर, अंगठा, अकरा एप्रिल. सांगताना त्याचं तिच्याकडे लक्ष नव्हतं, नाहीतर तिचा चेहरा कधी उतरला ते त्याला दिसलं असतं.

"अकरा एप्रिल म्हणजे हणमंतभाऊच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी," ती म्हणाली.

"असंल."

"दोन पोरं आलती नकाशावाली. हणमंतभाऊ गेले, कागद नाही, म्हणून ऑफिसला घाम फुटलेला. तुम्ही भिंतीकडं तोंड करून पडलेलाव. ती विचारायची, आटे किती? तुम्ही आकडा सांगायचाव. मग विचारायची, डावी का उजवी? पहिल्या दहा-बारांना तुम्ही डावी म्हणलाव. मग गप झालाव. नुसतं गप. आटे सांगायचाव, दिशा विचारली की गप."

"मग?"

प्रयागबाईने कणकेतून हात काढला आणि पदराला पुसला. कणीक पदराला लागली तरी तिला कळलं नाही.

"मग ती पोरं म्हणली, मावशी, टॅबवर डावी आन् उजवी दोनच चौकोन हायत, भरल्याबिगर पुढं जाता येत नाही. संध्याकाळ व्हायला आलती. तुमच्या डोळ्यांतून पाणी वाहायलं होतं. मला म्हणलं, एकदाची ही पोरं जावीत घरातून. मीच म्हणलं, आधीची सगळी डावीच हायत ना, मग लिहा की डावी सगळीकडं. तुमचा अंगठा बी मीच धरून लावला."

एवढं बोलून ती खाली बसली आणि रडायला लागली. "चार महिने मी तो आकडा बघून तुमच्यावर जीव टांगणीला लावून बसले, आन् तो मीच नासवलेला!"

लिंबराजला राग आला, खरा राग, कारण त्या आकड्यापायी त्याने स्वतःला वेडा समजलं होतं. पण समोर बायको पदराला कणीक लागलेली अशी रडत होती, आणि त्या एप्रिलच्या संध्याकाळी तिच्या जागी आपण असतो तर आपणही डावीच म्हणालो असतो, हे त्याला कळत होतं. तो तिच्याजवळ खाली बसला.

"पण दिशा मी का सांगितली नसंल गं? आटे सांगितले, मग दिशा का नाही?"

"मला काय म्हाईत?"

मग तोच म्हणाला, "दिशा मला कुणी कधी तोंडानं विचारलीच नव्हती. बापानं बी नाही. चावी हातात दिली, म्हणला, फिरव."

*

दुसऱ्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, सकाळी आठच्या आत दोघं डॉक्टरांपुढे होती. डॉ. तरन्नुम यांनी सगळं ऐकून घेतलं आणि लिंबराजची फाइल पुन्हा उघडली.

"उत्तरं मी नगरपरिषदेच्या नकाशावरून घेतली होती," त्या म्हणाल्या. "तो नकाशा तुमच्या आजारात भरलाय, हे मला विचारायला पाहिजे होतं. मी विचारलं नाही. चूक माझी आहे, मामा. तुम्ही जसजसे बरे होत गेलात तसतशी तुमची खरी आठवण जागी होत गेली, आणि पट्टी तिला चूक म्हणत गेली. आकडा उतरत होता तो तुम्ही बरे होत होतात म्हणून."

"मग मी बरोबर हाय? उजवी?"

"ते मी सांगू शकत नाही, आणि तुमचं डोकंही आता सांगू शकणार नाही. चार महिने पट्टीने थोपटून थोपटून डावी पक्की केली आहे. आता दोन्ही आठवणी सारख्याच ताज्या आहेत." त्यांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला. "पण एक आहे. शब्दांत सांगता येणारी आठवण एका जागी असते, हाताची सवय वेगळ्या जागी. सायकल कशी चालवायची हे कुणाला विचारून बघा, सांगता येत नाही, चालवता येते. नैराश्य पहिल्या जागेला जास्त पोखरतं, दुसरीला कमी. आणि पट्टी फक्त तुमचं बोलणं तपासते. तिला तुमचे हात कधी दिसलेच नाहीत."

"म्हणजे चावी पाहिजे," प्रयागबाई म्हणाली.

"चावी पाहिजे. मी वाघमोडेंना लेखी देते. प्रत्यक्ष कामावर एक चाचणी." त्या लिहिता लिहिता थांबल्या. "माझ्याकडे अशा पट्ट्या अडतीस जणांना आहेत. प्रत्येकाची उत्तरं कुठून आली, मला आजपासून एकेकाला फोन करून विचारावं लागणार आहे."

आणि घरच्यांच्या फोनवर आकडा पाठवणं त्यांनी त्याच दिवशी बंद केलं.

*

चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी ठरली. पाळी टेकडीची नव्हती, पण वाघमोडेने टाकीचं पाणी मुद्दाम टेकडीच्या लाइनीवर सोडून ठेवलं. खोदकामाची पिवळी मशीन रस्त्याच्या कडेला येऊन उभीच होती. टेकडीवरच्या बायका हंडे घेऊन जमल्या होत्या आणि त्यांच्या पुढे गयाबाई, कमरेवर हात ठेवून.

ठेकेदाराच्या माणसांनी टॅब बघून सदतीस नंबर आधीच 'उघडला' होता. डावीकडे तेवीस आटे, घट्ट थांबेपर्यंत. नळ कोरडे होते.

स्टोअरमधून लिंबराजची चावी आणली होती. लोखंडावर गंजाची पुटं चढली होती, पण मुठीची जागा अजून गुळगुळीत होती. त्याने ती व्हॉल्व्हवर बसवली आणि उभा राहिला.

"मामा, नीट ऐका," वाघमोडे म्हणाला. "तो आता फिरणार उजवीकडेच, कारण डावीकडे अडलाय. तुमचं खरं असेल तर पाणी येईल. नकाशा खरा असेल तर उघडा व्हॉल्व्ह तुम्ही बंद कराल, आणि पाइप फुटलेलाच आहे. मग मशीन चालू करायची. पण आधी मला सांगा, तुमच्या मते उघडायची दिशा कोणती? मला अहवालात लिहायचंय."

लिंबराजने तोंड उघडलं. डोक्यात दोन्ही शब्द एकदमच आले आणि दोन्ही अडकले. डावी. उजवी. हंडेवाल्या बायका बघत होत्या. मशीनचा ड्रायव्हर बघत होता. कपाळावर पट्टी नव्हती तरी मुंगी चालल्याचा भास झाला.

"माहीत नाही," तो म्हणाला.

बायकांत कुजबुज झाली. वाघमोडेने घड्याळ पाहिलं. लिंबराजची मूठ चावीवर ढिली पडली, आणि त्या क्षणी त्याला वाटलं, संपलं, जाऊ द्या, घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून पडावं.

"अवो, तुम्ही सांगायलाव कशाला?" प्रयागबाई मागून म्हणाली. "तुम्ही लाभ म्हणा की."

त्याने वळून तिच्याकडे पाहिलं. मग चावीकडे.

"लाभ," तो म्हणाला.

आणि हात निघाला. त्याने हाताला काही सांगितलं नाही. डावा पाय आपोआप मागे गेला, उजवा खांदा खाली झुकला. त्याच्या हाताखालच्या बाकी सगळ्या व्हॉल्व्हना त्याचा उजवा पाय मागे जातो. डावा जातो तो फक्त पाचच ठिकाणी, आणि हे त्याला बावन्न वर्षांत आज पहिल्यांदा कळलं.

"दोन. तीन. चार."

नवव्या आट्याला जमिनीखाली गुरगुर झाली. चौदाव्याला चावीचा दांडा हातात थरथरू लागला. "एकवीस. बावीस. तेवीस," तो म्हणाला, आणि व्हॉल्व्ह थांबला. बरोबर तेविसावर.

टेकडीवरून आधी नळाच्या खोकल्याचा आवाज आला, हवा बाहेर पडली, आणि मग कुणीतरी वरून किंचाळलं, "आलं! आलं गं, जोरात आलं!" बायका हंडे घेऊन पळाल्या. गयाबाई पळता पळता मागे वळली आणि ओरडली, "लिंबराजभाऊ, तुमची मेथी ठेवलीय घरी!"

वाघमोडेने मशीनवाल्याला हात करून परत पाठवलं. मग तो लिंबराजजवळ आला आणि चेंबरच्या झाकणावर बसला. "आणखी चार असेच आहेत ना?" त्याने विचारलं.

"चार मला आठवतात. पाचवा असला तर हात लावल्यावर कळंल."

*

उत्तरं दुरुस्त करून पट्टीने पुन्हा हिशोब केला तेव्हा आकडा आला एकोणसत्तर. नियम सत्तरचा. डॉ. तरन्नुम हसल्या, वाघमोडेने कपाळावर हात मारला. कमी पडलेला तो एक गुण गेला होता अठ्ठ्याऐंशी नंबरच्या व्हॉल्व्हवर. लिंबराजने तिथे 'माहीत नाही' असं सांगितलं होतं, आणि ते उत्तर पट्टीच्या हिशोबात शून्य होतं. तो व्हॉल्व्ह हणमंतच्या भागातला, लिंबराजने त्याला कधी हातच लावला नव्हता.

"याला शून्य कसं द्यायचं?" डॉक्टर म्हणाल्या. "बरा झालेला माणूसच हे उत्तर देऊ शकतो." त्यांनी तसं मंडळाला लिहून दिलं. वाघमोडेने चाचणीचा अहवाल जोडला. मंडळाने दोन आठवडे घेतले आणि एका अटीवर चावी परत दिली. सगळे एकशे बेचाळीस व्हॉल्व्ह पुन्हा तपासायचे, नकाशा नव्याने भरायचा, आणि तो लिंबराजनेच भरायचा.

लिंबराजनेही एक अट घातली. टॅबवर डावी आणि उजवी यांच्या शेजारी तिसरा चौकोन हवा. वाघमोडेने तो करून घेतला. 'माहीत नाही, हात लावून बघा.'

रोज सकाळी नवराबायको दोघं निघायची. त्याच्या खांद्यावर चावी, तिच्या हातात टॅब. तो फिरवायचा, ती भरायची. उलट्या आट्याचे चारच सापडले, पाचव्या जागी त्याच्या हाताने उजवी धरली आणि व्हॉल्व्ह डावीकडे उघडला. कुणीतरी मधल्या काळात बदलला होता. लिंबराज थोडा वरमला, मग म्हणाला, "लिही, माझा हात चुकला." प्रयागबाईने ते तसंच लिहिलं.

एकविसाव्या दिवशी दोघं अठ्ठ्याऐंशी नंबरवर आली. हणमंत साखरेच्या घरासमोरच तो होता. झाकण उचललं, आतली माती काढली, चावी बसवली.

"डावी का उजवी?" प्रयागबाईने टॅबवर बोट धरून विचारलं.

"माहीत नाही," लिंबराज म्हणाला. एप्रिलमध्ये घरातल्या भिंतीकडे तोंड करून त्याला हेच म्हणायचं होतं, आणि तेव्हा ते म्हणायचंही बळ नव्हतं. आज ते सहज आलं.

प्रयागबाईने तिसऱ्या चौकोनावर बोट टेकवलं आणि थांबली.

त्याने मूठ आवळली. "लाभ," तो म्हणाला.